पांच बोटांचें सोनें

तान्ह्या मुलाचें रूप पाहून शेजारीण कौतुकानें कांहीं बोलून जाते आणि लागलीच स्वतःला सावरून म्हणते, “दृष्ट न लागो हो बाळाला.” संध्याकाळ झाली म्हणजे आई मीठमोहऱ्या ओवाळून टाकते, गालावर काजळाची तीट लावते, मनगटांत काळ्या मण्यांच्या मनगट्या चढविते. या सर्व उपचारांच्या मुळाशीं एकच भय असतें. जें फार सुंदर आहे, जें फार लाडकें आहे, तें दुसऱ्याच्या नजरेनें कोमेजून जाईल, हें तें भय होय. तें कोणा एका देशाचें नाहीं, कोणा एका धर्माचेंही नाहीं. भूमध्य समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर मोरोक्को, अल्जीरिया व ट्युनिशिया हे तीन देश ओळीनें पसरले आहेत. अरब लोक या प्रदेशाला मगरिब, म्हणजे मावळतीचा मुलूख, असें म्हणतात. तेथें याच भयावर शेंकडों वर्षें एक निराळा तोडगा चालत आला. आईनें तो मुलाच्या अंगावर बांधला, नवरीनें गळ्यांत घातला, घरधन्यानें दारावर लावला. तो तोडगा म्हणजे पांच बोटांचा उघडा हात.

खेड्यापाड्यांत हा हात चांदीचा असे. शहरांतील सोनारांनीं तो सोन्यांत घडविला. आज असे जुने सोन्याचे हात संग्रहालयांत, जुन्या वस्तूंच्या दुकानांत आणि देशांतर केलेल्या कुटुंबांच्या पेट्यांत आढळतात. त्यांची हकीगत ही नुसत्या दागिन्याची हकीगत नाहीं. एकमेकांस लागून राहिलेल्या, परंतु एक न झालेल्या दोन शेजाऱ्यांची ती हकीगत आहे.

अरबी भाषेंत पांच या संख्येला ‘खम्सा’ म्हणतात आणि तोच शब्द या हाताचें नांव झाला आहे. हिब्रू भाषेंत पांचाला ‘हामेश’ असें म्हणतात. दोन्ही शब्द एकाच कुळांतले. इस्रायलांत हा दागिना ‘हम्सा’ या नांवानें ओळखला जातो. मुसलमान घरांत त्याचा संबंध प्रेषित महंमद यांची कन्या फातिमा हिच्याशीं जोडला जातो. यहुदी घरांत तो मोशे व अहरोन यांची बहीण मिर्याम हिचा हात मानला जातो. ‘फातिमेचा हात’ हें नांव जगभर पसरलें तें मुख्यतः फ्रेंच अंमलाच्या काळांत, युरोपियन लोकांच्या तोंडून. खुद्द मगरिबांतील माणसें त्याला साधेपणानें खम्साच म्हणत आलीं. तथापि दोन्ही धर्मांच्या लोकांनीं या हाताला एकेका स्त्रीचें नांव द्यावें, यांत कांहीं अर्थ आहे. आजारी मुलाच्या उशाशीं बसून रात्र काढते ती बहुधा स्त्री. रक्षण करणारा हातही तिला स्त्रीचाच हवासा वाटला असल्यास नवल नाहीं.

या हाताचा अर्थ समजून घेण्यास पोथी उघडावी लागत नाहीं. अंगावर येणाऱ्या माणसाला थांबविण्यासाठीं कोणीही तळहात पुढें करतो आणि पांचही बोटें ताठ करतो. वाईट नजर बाणासारखी येते आणि हा तळहात तिला ढालीप्रमाणें अडवितो, अशी त्यामागील कल्पना. म्हणूनच मगरिबांत एखाद्याची नजर बरी नाहीं असें वाटलें कीं, त्याच्या दिशेनें बोटें पसरून ‘खम्सा फी अय्निक’, म्हणजे ‘तुझ्या डोळ्यांत पांच’, असें म्हणण्याची चाल पडली. त्याचा परिणाम असा झाला कीं, पांच हा आंकडाच थोडासा धारदार होऊन बसला. समोरच्या माणसाच्या तोंडावर ‘पांच’ म्हणणें असभ्यपणाचें ठरलें आणि सभ्य माणसें ‘चार आणि एक’ असें म्हणून वेळ निभावून नेऊं लागलीं. फिनलंडचे पंडित एडवर्ड वेस्टरमार्क यांनीं मोरोक्कोंत कित्येक वर्षें राहून तेथील आचारविचारांचा अभ्यास केला आणि तो १९२६ मध्यें दोन खंडांत प्रसिद्ध केला. त्यांत दृष्टीविषयींच्या आणि हाताविषयींच्या समजुतींची मोठी तपशीलवार नोंद आहे.

पुढें धर्मशील मंडळींनीं या पांच बोटांना अधिक गंभीर अर्थ दिले. मुसलमानांनीं त्यांत इस्लामचे पांच आधारस्तंभ पाहिले. यहुद्यांनीं मोशेचे पांच ग्रंथ पाहिले. हिब्रू वर्णमालेंतील पांचवें अक्षर ‘हे’. तें देवाच्या नांवांत येतें, म्हणून यहुदी घरांसाठीं घडविलेल्या कित्येक हातांच्या मध्यभागीं तें कोरलेलें दिसतें. हे अर्थ खोटे नव्हेत; परंतु ते मागाहून आले. आधीं आला तो उगारलेला तळहात.

आणि तो फार पूर्वीं आला. हेब्रॉन शहराजवळ खिर्बेत अल्‌-कोम येथील एका थडग्यांत इसवी सनापूर्वीं आठव्या शतकांतील एक हिब्रू लेख सांपडला; त्या लेखाखालीं दगडांत खोल कोरलेला एक हात आहे. आजच्या ट्युनिस शहराच्या शेजारीं प्राचीन कार्थेज नगरी होती. तेथील लोकांनीं आपल्या देवतांना वाहिलेल्या शिळांवर उभारलेला हात कोरलेला आढळतो. या हातांपासून अलीकडच्या खम्सापर्यंत एक सरळ रेघ ओढतां येईल असें मात्र नाहीं. मधल्या कित्येक शतकांचे दुवे तुटलेले आहेत. मध्ययुगांत आल्यावर पुरावा पुन्हां ठळक होतो. स्पेनमधील ग्रॅनाडा येथें अल्‌हाम्ब्रा नांवाचा जगप्रसिद्ध राजवाडा आहे. त्याचा न्यायदरवाजा सुलतान पहिला यूसुफ यानें १३४८ मध्यें बांधविला. त्या दरवाजाच्या बाहेरील कमानीच्या मधल्या दगडावर एक उघडा हात कोरला आहे आणि आंतील कमानीवर एक किल्ली.

१४९२ मध्यें ग्रॅनाडा ख्रिस्ती राजसत्तेच्या ताब्यांत गेलें. त्याच वर्षीं स्पेनमधील यहुद्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला. मुसलमानांना थोड्याच वर्षांत धर्म सोडावा लागला. तरी त्यांच्या बायकामुलांच्या गळ्यांतील हात कांहीं सुटला नाहीं. शेवटीं १५२६ मध्यें सम्राट पांचवा चार्ल्स याच्या आज्ञेनें भरलेल्या धर्माधिकाऱ्यांच्या सभेनें अशा हातांच्या ताइतांवर बंदी घातली. ज्या वस्तूवर बंदी घालावी लागते, ती घरोघर असते. राजाज्ञेनें देवळें बदलतात. मुलाच्या गळ्यांतला दोरा बदलण्यास फार वेळ लागतो.

स्पेनमधून निघालेल्या यहुद्यांपैकीं पुष्कळजण सामुद्रधुनी ओलांडून फेझ, तेतुआन इत्यादि मोरोक्कोंतील शहरांत गेले. त्यांत कारागीर होते आणि त्यांच्याबरोबर त्यांचें कसब होतें. मोरोक्कोंतही यहुद्यांची वस्ती प्राचीन होती. फेझ शहरांत १४३८ मध्यें त्यांच्यासाठीं तटबंदीची स्वतंत्र पेठ वसविण्यांत आली. तिला ‘मेल्लाह’ म्हणत. पुढें हेंच नांव इतर शहरांतील यहुदी पेठांनाही मिळालें. मगरिबांतील सोनारकी बहुतांशीं या मेल्लाहांतून चाले. त्याचें एक कारण धर्मशास्त्रांत होतें. सोनें सोन्याच्या मोबदल्यांत द्यावयाचें तर तें वजनास वजन दिलें पाहिजे, वर कांहीं घेणें म्हणजे व्याज खाणें, अशी इस्लामी कायद्याची दृष्टि. परंतु सोनार जगतो तो घडणावळीवर. तेव्हां मुसलमानांनीं हा धंदा पुष्कळ अंशीं यहुद्यांवर सोंपविला आणि यहुद्यांनीं तो पिढ्यान्‌पिढ्या चालविला.

यांतून एक विलक्षण गोष्ट घडून आली. मुलीचें लग्न ठरलें म्हणजे मुसलमान बाप यहुदी सोनाराच्या दुकानांत जाई आणि मुलीला दृष्ट लागूं नये म्हणून सोन्याचा हात घडवून घेई. त्याच सोनाराची स्वतःची मुलगी लग्नाची झाली म्हणजे तिलाही तसाच हात लागे. सांचा एकच, हातोडी एकच, भट्टी एकच. एक हात फातिमेच्या नांवानें एका घरीं जाई, दुसरा मिर्यामच्या नांवानें दुसऱ्या घरीं. ज्या पदकावर अक्षर नाहीं तें मूळचें कोणत्या घरचें, हें आज अनुभवी पारख्यालाही पुष्कळदां सांगतां येत नाहीं.

यावरून त्या दोन समाजांत गोडीगुलाबीच होती असें मात्र समजूं नये. मुसलमानी राज्यांत यहुद्यांना संरक्षण होतें, परंतु बरोबरीचा दर्जा नव्हता. त्यांना निराळा कर द्यावा लागे आणि मेल्लाहाच्या तटामागें राहावें लागे. तो तटही दर वेळीं उपयोगीं पडे असें नाहीं. १९१२ च्या मार्च महिन्यांत मोरोक्कोचा सुलतान फ्रेंचांच्या आश्रयाखालीं गेला. पुढच्याच महिन्यांत फेझमध्यें बंड उसळलें, त्यांत मेल्लाह लुटला गेला आणि कित्येक यहुदी प्राणांस मुकले. घरोघर दारांवर हात होते, तरी हें घडलें. ज्या संकटाला नजरेचें नांव देतां येतें त्यावर तोडगा असतो. जमावाच्या रागावर तो नसतो. तरीही दुकानें पुन्हां उघडलीं, भट्ट्या पुन्हां पेटल्या आणि लुटालुटीच्या आधींचीं गिऱ्हाइकें पुन्हां येऊं लागलीं. शेजार म्हणजे केवळ स्नेह नव्हे. एकमेकांवांचून न चालणें हाही शेजारच.

आतां त्या सोन्याच्या हाताकडे जरा निरखून पाहावें. प्रथम लक्षांत येतें तें असें कीं, हा पुष्कळदां माणसाचा खरा हात नसतो. मधलीं तीन बोटें सरळ उभीं असतात आणि दोन्ही कडांना दोन आंगठे सारखेच बाहेर वळलेले असतात. त्यामुळें तो उजवाही नव्हे आणि डावाही नव्हे. कांहीं हातांचीं बोटें वर असतात, कांहींचीं खालीं. कांहीं ठिकाणीं कारागिरानें आकृति इतकी सोपी करून टाकली आहे कीं, पांच टोंकांखेरीज हाताची खूण उरत नाहीं. तळहातावर कधीं डोळा असतो, कधीं चंद्रकोर, कधीं पक्षी, तर कधीं सहा टोंकांचा तारा. हा तारा पाहून तो दागिना यहुद्याचाच असें ठरविणें चुकीचें होईल. कारण सुलेमानाची मुद्रा म्हणून मुसलमान कारागीरही तो वापरीत. मोरोक्कोंतील हातांवर पालीसारखा एक प्राणीही दिसतो. मासा तर वारंवार आढळतो. मासा पाण्याखालीं असतो, पाणी त्याला झांकतें, म्हणून त्याला दृष्ट लागत नाहीं, ही समजूत यहुद्यांच्या तालमुद ग्रंथाइतकी जुनी आहे.

घडणीच्या तऱ्हाही अनेक. साधा हात म्हणजे सोन्याचा पत्रा कापून त्यावर नक्षी खोदलेला. त्याहून कष्टाचें जाळीचें काम. त्यांत पत्रा बारीक करवतीनें कातरून वेलबुट्टी काढतात. सर्वांत नाजूक तें तारकाम. सोन्याची तार केसासारखी ओढावयाची, दोन तारा पिळून त्यांचीं वेटोळीं करावयाचीं, तीं चौकटींत बसवावयाचीं आणि न वितळतां जागच्या जागीं धरतील अशा बेतानें डाक द्यावयाची. एक फुंकर अधिक झाली तर चार दिवसांचें काम गोळा होऊन बसतें. मोरोक्कोंतील शहरी सोनेरी दागिन्यांत हिरवा व निळा मिना, पाचू, माणिक, तामडी आणि वेडेवांकडे मोतीं यांची हौस फार. याच्या उलट डोंगरांत व वाळवंटांत राहणाऱ्या अमाझिग लोकांची आवड चांदीवर. त्यांच्यांत सोन्याविषयीं संशय होता. बर्बर हें त्या लोकांचें बाहेरच्यांनीं दिलेलें नांव. म्हणून जुना सोन्याचा खम्सा दिसला कीं तो बहुधा शहराचा, आणि बहुधा खाऊनपिऊन सुखी अशा घरचा, असें समजावयास हरकत नाहीं.

असे हात फार जुने मात्र क्वचितच मिळतात. कारण उघड आहे. नवरीचें सोनें ही आपल्याकडील स्त्रीधनासारखी तिच्या मालकीची पुंजी. आजारपण आलें, पीक बुडालें, मुलाला धंद्यासाठीं भांडवल हवें झालें कीं तें मोडीत निघे. तसें कांहीं न घडलें तरी सून घरांत आली कीं सासूचा डाग वितळवून नव्या तऱ्हेचा केला जाई. त्यामुळें आज जे हात शिल्लक आहेत ते बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतले आहेत.

अशा दागिन्याची पारख करणारा माणूस प्रथम त्याची पाठ पाहतो. पुढची बाजू गिऱ्हाइकासाठीं असते, पाठीवर कारागीर दिसतो. हातानें केलेल्या कामांत डाकाचे लहान डाग असतात, करवत जरा घसरल्याची खूण असते, दोन बोटें तंतोतंत सारखीं नसतात. खरोखर अंगावर वापरलेल्या पदकाच्या कडीची आंतली बाजू झिजलेली असते आणि कपड्याला घांसून पाठीचे उंचवटे गुळगुळीत झालेले असतात. जेथें खांचेंत आणि उंचवट्यावर सारखाच काळेपणा दिसतो, तेथें जुनेपण दुकानांत आणलेलें असावें असा संशय घ्यावा. सोन्याचा रंगही कांहीं सांगतो. भारतांतील घरांत सोनें म्हणजे बावीस कॅरटचें, हजारांत ९१६ भाग शुद्ध, अशी संवय असते. फ्रेंच अंमलाखालच्या मुलखांत अठरा कॅरटचें, हजारांत ७५० भाग शुद्ध, असें सोनें पुष्कळ वापरलें गेलें. त्याची झळाळी थोडी फिकी. शिवाय छाप पाहावे. गरुडाचें डोकें हा फ्रान्समध्यें अठरा कॅरटच्या सोन्यावर १८३८ पासून मारला जाणारा सरकारी छाप. परदेशीं घडलेलें सोनें फ्रान्समध्यें विक्रीस आलें म्हणजे त्यावर १८९३ पासून घुबडाचा छाप मारीत. खम्साच्या कडीवर असें चिमुकलें घुबड दिसलें, तर तो दागिना केव्हांतरी समुद्र ओलांडून फ्रान्सला पोंचला आणि तेथें विकला गेला, एवढें कळतें. कोणी विकला आणि कां, हें मात्र तें घुबड सांगत नाहीं.

तें इतिहासाला विचारावें लागतें. १९४८ च्या सुमारास मोरोक्कोंत अडीच लाखांच्या आसपास यहुदी होते, अल्जीरियांत सुमारें एक लाख चाळीस हजार आणि ट्युनिशियांत सुमारें एक लाख. त्या वर्षीं इस्रायलचें राज्य स्थापन झालें. अरब देशांशीं युद्ध पेटलें. १९५६ मध्यें मोरोक्को व ट्युनिशिया आणि १९६२ मध्यें अल्जीरिया स्वतंत्र झाले. कांहीं भीतीनें, कांहीं आशेनें, कांहीं शेजारीपाजारी निघाले म्हणून, असे हे लोक वीस-पंचवीस वर्षांत उठून गेले. कोणी इस्रायलला गेले, कोणी फ्रान्सला, कोणी कॅनडाला. आज मोरोक्कोंत त्यांची संख्या दोन-अडीच हजारांच्या आसपास आहे. ट्युनिशियांत हजार-दीड हजार. अल्जीरियांत जवळजवळ कोणीच नाहीं. घर नेतां येत नाहीं, दुकान नेतां येत नाहीं, पूर्वजांच्या कबरी नेतां येत नाहींत. गळ्यांतला डाग तेवढा बरोबर येतो. आणि परक्या देशांत पहिलें भाडें भरण्याची वेळ आली म्हणजे प्रथम तोच विकावा लागतो.

सोनाराचा कांटा वजन सांगतो. पिळलेल्या तारेंत किती दिवस गेले, ती तार ओढणाऱ्या माणसाचे वडील कोणत्या पेठेंत बसत, हें कांट्याला कळत नाहीं. मोडीच्या बाजारांत घडणावळ बुडते. मगरिबांतील दोन समाजांना जोडणारा धागा नेमका त्या घडणावळींत होता. तोच तेथें शून्य किंमतीचा ठरला. इकडे मागें राहिलेल्या मुसलमान कुटुंबांचेंही कांहीं हरवलें. मुलीच्या लग्नासाठीं पिढीजाद दुकानाकडे वळावें तों दुकान बंद, अशी स्थिति झाली. कांहीं ठिकाणीं मुसलमान कारागिरांनीं हें काम पुढें चालविलें आणि तें आजही चाललें आहे. ट्युनिशियांतील जेर्बा बेटावर मात्र जुनें चित्र थोडेंसें टिकून आहे. तेथें यहुद्यांची एक लहान, परंतु जिवंत वस्ती आहे आणि हूमत-सूक गांवच्या बाजारांत यहुदी सोनार अजून दुकानें मांडून बसतात.

इस्रायलांत पोंचलेल्या हाताचें स्वागत प्रारंभीं फारसें झालें नाहीं. युरोपांतून आलेल्या सुशिक्षित यहुद्यांना तो अडाणीपणाचा अवशेष वाटे. मोरोक्को, येमेन, इराक अशा देशांतून आलेल्या लोकांनीं आपल्या चालीरीतींचा अभिमान उघडपणें मिरविण्यास पुढें दोन-तीन दशकें लागलीं. मग तोच हात घराघरांत, मोटारींत, किल्ल्यांच्या जुडग्याला दिसूं लागला आणि आतां तर तो त्या देशाची ओळखच बनला आहे. दुसऱ्या बाजूस, १९७६ मध्यें स्वीकारलेल्या अल्जीरियाच्या राजचिन्हांतही हाच हात आहे. राजकारणांत एकमेकांकडे पाठ फिरविलेल्या दोन देशांनीं एकच तळहात पुढें केला आहे!

या प्रवासांत कोंकणाचाही एक धागा येऊन मिळतो. रायगड जिल्ह्यांतील गांवांवरून आडनांवें घेतलेले, घरांत मराठी बोलणारे बेने इस्रायल लोक १९४८ नंतर मोठ्या संख्येनें इस्रायलला गेले. त्यांपैकीं कित्येक नेगेव वाळवंटांतील दिमोना गांवीं स्थायिक झाले. तें गांव १९५५ मध्यें वसलें आणि त्याचे पहिले रहिवासी उत्तर आफ्रिकेंतून आलेले यहुदी होते. दारावरचा हात कोंकणांतून आलेल्यांना अगदींच अनोळखी नव्हता. वल्हांडण सणाला बोकडाच्या रक्तांत हात बुडवून त्याचा ठसा दारावर लावण्याची चाल त्यांच्यांतही होती. महाराष्ट्रांत मोहरमच्या वेळीं मिरवणुकींतून निघणारे धातूचे पंजेही सर्वांना परिचित आहेत. त्या पंजाचीं पांच बोटें म्हणजे प्रेषित महंमद, फातिमा, अली, हसन आणि हुसेन. त्यांतही फातिमा आहेच. परंतु हे पंजे शोकाचे व श्रद्धेचे; मगरिबांतला हात घरगुती काळजीचा. रूप सारखें असलें तरी त्यांची गल्लत करणें योग्य नाहीं.

येथें विचारी मनुष्य एक प्रश्न विचारील. हा सारा भोळा समजच नव्हे काय? सोन्याच्या तुकड्यानें रोग थांबत नाहीं, दंगा थांबत नाहीं, देशांतर थांबत नाहीं. हा प्रश्न नवा नाहीं. बाराव्या शतकांत कांहीं काळ फेझमध्यें राहिलेला थोर यहुदी पंडित मैमोनिडीज यानें ताईत लिहिणारांची कठोर शब्दांत संभावना केली होती. अनेक मुसलमान धर्मशास्त्र्यांनींही ताईत बांधणें निषिद्ध मानलें आहे. रक्षण करणारा एक देवच, असें त्यांचें म्हणणें. दोन्ही धर्मांचे पंडित या एका बाबतींत एकमत होते आणि दोन्ही धर्मांच्या बायकांनीं त्यांचें ऐकलें नाहीं.

कां ऐकलें नाहीं, याचें उत्तर त्या काळच्या पाळण्यांत आहे. देवी, घटसर्प, जुलाब यांनीं घरोघर मुलें जात. वैद्याजवळ औषध नव्हतें. सकाळीं हंसत असलेलें मूल रात्रीं कां गेलें हें कोणालाच सांगतां येत नव्हतें. अशा वेळीं हात जोडून बसण्यापेक्षां कांहींतरी केल्याचें समाधान आईला हवें होतें. लस आली, औषधें आलीं, तशी त्या भयाची धार कमी झाली आणि तोडग्याचा दागिना झाला. तो होणें चांगलेंच. ताईत लावून डॉक्टरला बोलाविणें टाळावें असें आज कोणीही म्हणणार नाहीं. परंतु जुन्या हाताकडे पाहून नुसतें हंसणें हेंही शहाणपणाचें नव्हे. त्या हाताच्या रूपानें एका आईची काळजी सोन्याच्या वजनानें मोजून ठेवलेली आहे. अंधश्रद्धा टाकून देतां येते. ती ज्या मायेंतून उपजली ती टाकण्याचें कारण नाहीं.

अलीकडे या वारशाची जाणीव वाढूं लागली आहे. १९९७ मध्यें कासाब्लांका शहरांत मोरोक्कन यहुद्यांचें संग्रहालय उघडलें. अरब जगांतील तें अशा प्रकारचें पहिलेंच. २०११ च्या मोरोक्कन राज्यघटनेंत राष्ट्राच्या घडणींतील हिब्रू प्रवाहाचा स्पष्ट उल्लेख करण्यांत आला. हें सर्व उचित आहे. तथापि संग्रहालयांत पोंचतात ते थोडे. बाकीच्या हातांचें भवितव्य राजवाड्यांत किंवा कचेरींत ठरत नाहीं. तें घरांतल्या कपाटापुढें ठरतें. आजी गेल्यावर तिची पेटी उघडली जाते, सोन्याचा भाव चढलेला असतो, आणि ‘हें आतां कोण घालतें?’ असें कोणीतरी म्हणतें. हा प्रसंग पॅरिसमध्यें येतो, अश्दोदमध्यें येतो, ट्युनिसमध्यें येतो; आणि हात नसला तरी जुनी सरी, जुन्या बिंदल्या, जिवतीचें पदक घेऊन तो पुणें-मुंबईच्या घरींही येतो.

त्या वेळीं मोडीच्या दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं दोन गोष्टी कराव्या. दागिना उलटा करून त्याची पाठ पाहावी, आणि घरांत जें सर्वांत वृद्ध माणूस असेल त्याला विचारावें कीं, हा कोणी घडविला, कोणासाठीं घडविला आणि कोणत्या प्रसंगीं. जें उत्तर मिळेल तें कागदावर लिहून त्याच डबींत ठेवावें. गरज असेल तर सोनें विकावें. सोनें अडचणीसाठींच असतें आणि ज्यांनीं तें जमविलें त्यांनाही हें मान्य होतें. परंतु विचारल्यावांचून विकूं नये. मगरिबांतील हजारों सोन्याचे हात कोणी कांहीं विचारण्यापूर्वींच मुशींत गेले. जे उरले आहेत त्यांच्या पाठीवर एका धर्माच्या कारागिराची हातोडी आहे आणि त्यांच्या कडींत दुसऱ्या धर्माच्या लेकीच्या गळ्याची झीज आहे. त्या दोघांचीं नांवें आज कोणाला ठाऊक नाहींत. त्यांचा शेजार मात्र त्या तोळाभर सोन्यांत अजून शाबूत आहे.